अँटेना हलत नाही, मग दिशा कळते कशी?

रडारचं काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. विमानतळावरची फिरती तबकडी सगळ्यांनी पाहिलेली असते. आमच्या गच्चीवरच्या आठ अँटेना मात्र जागच्या हलत नाहीत. मग सिग्नल कुठून आला, हे कळतं कसं? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डोळे मिटून बसलात तरी कोकीळ कुठल्या बाजूच्या झाडावर ओरडतोय, हे तुम्ही सांगता. दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर आणि आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. कोकीळ अगदी एका बाजूला असला तरी पलीकडच्या कानाला जेमतेम ०.६ मिलिसेकंद उशीर होतो. मेंदू दिशा काढतो ती मुख्यतः त्या उशिरावरून. आमचंही तेच, फक्त रेडिओलहर आवाजाच्या जवळजवळ नऊ लाख पट वेगाने धावते.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. अँटेना तिच्या निम्म्या, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटर अंतरावर लावतो. लांब लावल्या तर दोन वेगळ्या दिशा सारख्याच दिसायला लागतात. उशीर घड्याळाने मोजत नाही, फेज बघतो, म्हणजे लाट तिच्या चक्रात कुठे आहे ते; पूर्ण चक्र ३६० अंशांचं. एका अँटेनापाशी लाट माथ्यावर आहे, तेव्हा शेजारणीपाशी ती किती उतरली आहे?

या फेजवरून दिशा काढणारी, राल्फ श्मिट यांच्या १९८६ च्या शोधनिबंधातली ‘म्युझिक’ ही पद्धत मला आजही थक्क करते. आठही अँटेनांच्या आकड्यांचं मॅट्रिक्स, म्हणजे चौकोनी तक्ता, केलं की सिग्नल आणि नॉइज (नको असलेली खरखर) अशी दोन घरं वेगळी पडतात, एकमेकांशी काटकोनात. जी दिशा नॉइजच्या घराशी काटकोनात बसते, तिथे स्रोत आहे. आठ अँटेनांत सात स्रोतांपर्यंत वेगळे काढता येतात!

हे कागदावर. गच्चीवर पहिल्यांदा दोनच अँटेना जोडल्या, ट्रान्समीटर बरोबर समोर ठेवला, तरी उत्तर सारखं १४ अंश बाजूला. दोन दिवस प्रोग्राम तपासला. शेवटी केबलला टेप लावली, तर एक केबल एक सेंटिमीटर लांब निघाली. केबलमध्ये लहर हळू जाते, तिथली तरंगलांबी सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका सेंटिमीटरला ४४ अंशांचा फेज, आणि त्यातूनच दिशेत ती १४ अंशांची चूक. शंभर मीटरवरचा माणूस शोधायचा असता, तर आम्ही पंचवीस मीटर भलतीकडे गेलो असतो. तेव्हापासून कॅलिब्रेशन, म्हणजे केबल-अँटेनांतले असे फरक आधी मोजून वजा करणं, केल्याशिवाय मी एकही आकडा वहीत उतरवत नाही. माझ्या मते या विषयात निम्मी मेहनत तिथेच लागते, आणि लागायलाच हवी.

केबलचं निस्तरलं, पण समोरच्या पत्र्याच्या शेडचं नाही. शेडवरून परतलेला सिग्नल मूळ सिग्नलचीच नक्कल असतो, त्यामुळे मॅट्रिक्सला ते दोन वाटतच नाहीत. उपाय म्हणून आठ अँटेनांचे पाच-पाचचे गट पाडते: एक ते पाच, दोन ते सहा, असे चार. त्यांच्या मॅट्रिक्सची सरासरी घेतली की शेड वेगळी दिसते. पण पाचच्या गटाची नजर आठइतकी तीक्ष्ण नसते. जवळजवळ ठेवलेले दोन ट्रान्समीटर एकमेकांत मिसळतात. गट केवढे ठेवायचे, यावरच सध्या काम चाललंय.