साडेएकची अपॉइंटमेंट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका दवाखान्यासाठी फोनवर अपॉइंटमेंट देणारा एआयचा आवाज बसवायचं काम माझ्याकडं आलं होतं. गुजराती, हिंदी, मराठी अशा तीन भाषा. गुजराती आणि हिंदी मी इतरांकडून तपासून घेतलं. मराठी घरचीच, म्हणून कुणालाच ऐकवलं नाही.

डॉक्टरसाहेबांना बाईचा आवाज नको होता. "जरा भारदस्त ठेवा." रविवारी रात्री मी पुरुषाचा आवाज निवडला, पट्टी खाली आणली, वेग कमी केला. लॅपटॉपवर ऐकलं तर थेट कीर्तनकारबुवा! सोमवारी सकाळी लाइन चालू केली आणि निवांत शेव-उसळ खायला गेलो.

परत येतो तो काउंटरवर एक आजी रिसेप्शनच्या बेनना झापत होत्या. आजी मराठीत, बेन गुजरातीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. बडोद्यात हे असंच चालतं.

"कुठला हो तो माणूस तुमचा? म्हणतो साडेएकला या! आणि एवढा बाप्या माणूस, 'मी नोंदवते' म्हणतो!"

माझे कान तापले. अर्धा तास आला की आकड्याआधी 'साडे' जोडायचं, हा नियम मीच लिहिला होता. साडेदहा, साडेअकरा झकास. पण दीड आणि अडीच? ते नियमात बसतच नाहीत. पावणेएकलाही आपण नुसतं पाऊण म्हणतो. जन्मभर जे बोललो, तेच यंत्राला सांगताना आठवलं नाही. आणि आवाज एका क्लिकवर बदलला तरी वाक्यं मी आधी बाईच्या आवाजासाठी लिहिलेलीच राहणार होती. त्यातली 'करते', 'नोंदवते', 'सांगते' तशीच राहिली होती.

आजींच्या बटणांच्या फोनवर लाइन लावून ऐकली. कीर्तनकार गायब, गोणपाटाआडून कुणी बोलावं तसं. जुन्या पद्धतीची फोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच आवाज पुढं पाठवते. पुरुषी आवाजाचा पाया 300च्या खाली, म्हणजे मी जो भारदस्तपणा ओतला तो वाटेतच सांडला. वरून स आणि श यांची धारही 3400च्या पुढं बरीचशी उरते, तीही गेली. तिथून पुढं मी प्रत्येक आवाज फोनवरच तपासतो, लॅपटॉपवर नाही.

"आणि माझं आडनाव?" आजी अजून थांबल्या नव्हत्या. चव्हाणमधला च तो चहातल्या चसारखा म्हणत होता. लिहिताना दोन्ही च सारखेच. आपल्याला सवयीनं कळतं, त्याला कोण सांगणार? शेवटी पडद्याआड आडनावांची यादी केली: लिहायचं चव्हाण, वाचायचं 'त्सव्हाण'. जाधवांनाही असंच दुरुस्त केलं. जोशी तेवढे पहिल्यापासून ठीक होते.

साहेबांना फोनवरच दोन्ही आवाज ऐकवले. ते काही बोलले नाहीत, बाईच्या आवाजावर होकाराची मान डोलावली.

गुरुवारी रेकॉर्डिंग तपासताना आजींचा कॉल सापडला. आवाज म्हणाला, "चव्हाण आजी, आपली वेळ शुक्रवारी दुपारी दीडची आहे."

"हं, आत्ता कसं! आडनाव काय गं तुझं?"

"क्षमा करा, मला समजलं नाही. वेळ बदलायची असल्यास एक दाबा."

"बदलायची कशाला? आडनाव विचारतेय मी!"