झाकणातल्या पिनकुशनांचं पोस्टमॉर्टेम

मे महिन्यात शिवणक्लासात बाटलीच्या झाकणात भरण घातलेला कापडाचा गोळा बसवून 24 छोट्या पिनकुशन, म्हणजे टाचण्या-सुया खोचायच्या उशा, केल्या होत्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या 17 परत टेबलावर आल्या, तक्रारींसकट. गंजलेल्या टाचण्या, निखळलेले गोळे, एकीच्या तर्जनीला टोचलेली सुई. रत्नागिरीचा पाऊस होता, लाइट गेलेली, मशिनी बंद. मग कात्री घेऊन सगळ्या उसवायचं ठरवलं.

निखळलेल्यांचं कारण उसवण्याआधीच कळलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण 3 सेंमी रुंद आणि दीड सेंमी उंच असतं. कापडाचा गोल 11 सेंमीचा हवा. कतरण वाया जाऊ नये म्हणून काहीजणींनी तो 8 सेंमीचा कापला होता. त्याचा गोळा जेमतेम सव्वादोन सेंमीचा होतो, म्हणजे झाकणाच्या आतल्या मापापेक्षा लहान. तो आत खुळखुळणारच. 11 सेंमीच्या गोलाचा गोळा सव्वातीनच्या आसपास भरतो, दाबून बसवावा लागतो आणि अर्धं काम त्या दाबानेच होतं.

उरलेलं अर्धं चिकटवण्याचं, आणि तिथेही घोळ होता. पांढरा डिंक कापडाला आणि लाकडाला धरतो. झाकणाच्या मेणचट प्लास्टिकवरून तो वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. झटपट चिकटणारं रसायनही तिथे नीट धरत नाही, वर कापड कडक करून पांढरे डाग पाडतं. काचकागदाने आतून खरवडून ग्लू गन वापरली तर बरं टिकतं. माझा भरवसा मात्र टाक्यांवर: दाभण तापवून झाकणाच्या तळाला दोन भोकं पाडायची आणि दुहेरी दोऱ्याने गोळा खाली ओढून गाठ मारायची. टाके घातलेल्या चारही शाबूत होत्या.

मग गंज. नऊ पिनकुशनमधल्या टाचण्यांवर तपकिरी ठिपके होते. पाचांत जुन्या उशीचा कापूस निघाला. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि टाचणी दिवसरात्र त्या ओलाव्यात उभी असते. शिवाय तो दबून गठ्ठा होतो, त्यामुळे टाचणी एक तर आत शिरत नाही, नाहीतर वाकडी होते. दोघींनी वजनासाठी किनाऱ्यावरची वाळू घातली होती, न धुता. मीठ, दमट हवा आणि लोखंड. आणखी काय होणार? वाळू हवीच असेल तर नदीची, तीनचार पाण्यांतून धुतलेली, तव्यावर कोरडी भाजलेली, आणि तीही मांजरपाटाच्या वेगळ्या पुरचुंडीत, फक्त तळाला.

राहिलेल्या दोनांनी मात्र सगळ्यांना थांबवलं. खणाच्या कापडावर प्रत्येक टाचणीभोवती शाईसारखं काळं वर्तुळ. आत वाळवलेला चहाचा चोथा! चहातलं टॅनिन ओलाव्यात लोखंडाशी मिळालं की काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच तत्त्वावर व्हायची. चोथा उन्हात कडकडीत वाळवला तरी पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो.

ज्या बिनडागी होत्या, त्यांतल्या तिघींत गुंतवळ होतं. बोहारणीसाठी डब्यात साठवलेलं. क्लासात एकच ‘ईऽऽ’ झालं, पण युरोप-अमेरिकेतही पूर्वी पिनकुशनमध्ये केस भरत, आणि त्याला कारण आहे: केसांचा तेलकटपणा सुईला पुसट लागत राहतो. अट एवढीच की केस शाम्पूने धुऊन वाळवलेले हवेत. तेलाने चपचपीत केस वरच्या कापडावर डाग पाडतात, म्हणून आत अस्तर घालायचंच. जुन्या स्वेटरची लोकरही चालते, पण अस्सल असेल तरच. सुताराकडचा भुसाही चांगला, मात्र प्लायवूडचा नको, त्यात चिकट पदार्थ असतात. रव्याच्या चाळणीने चाळून दोन दिवस उन्हात ठेवायचा.

दुपारनंतर नव्याने भरायला बसलो. गोलाच्या कडेपासून अर्धा सेंमी आत धावदोरा, टाके 4 ते 5 मिमीचे, दोरा दुहेरी. एकेरी दोरा ओढताना हमखास तुटतो. चहाचे तीन शिगोशीग चमचे भुसा, अंगठ्याने दाबत दाबत. बोटाने चेपल्यावर खड्डा राहिला तर आणखी अर्धा चमचा. दोरा आवळून उलटसुलट चार टाके, मग गाठ.

बोटात घालायची असेल तर 6 मिमी रुंदीचं इलास्टिक बोटाच्या घेरापेक्षा थोडं कमी कापून त्याच भोकांतून ओवायचं. सुई टोचलेली पिनकुशन अशीच होती. टाचणी 26 मिमीची, ती बहुधा आतच राहते; मशिनची सुई 38 मिमीची, सरळ घुसवली की तळाच्या भोकातून बाहेर. उपाय घरातच सापडला: मुदत संपलेलं एटीएम कार्ड झाकणाच्या आतल्या मापाने गोल कापायचं आणि इलास्टिक व दोऱ्यावरून तळाशी बसवायचं. गोळ्याचा दोरा त्या चकतीच्या कडेने न्यायचा, चकतीला भोक पाडलं तर सगळंच फुकट.

संध्याकाळपर्यंत 12 झाल्या. प्रत्येकीच्या तळाला मार्करने भरण लिहिलं: भुसा, केस, लोकर. त्यात एकाच पुडीतली एकेक नवी टाचणी खोचून सगळ्या पागोळ्यांजवळच्या खिडकीत ठेवल्या. पंधरा दिवसांनी काढल्या तेव्हा केसांतल्या चारही टाचण्या चकचकीत, भुशातल्या पाचांपैकी एकीच्या टोकाला ठिपका, लोकरीतल्या तिघींपैकी दोन गंजलेल्या. तो स्वेटर अस्सल लोकरीचा नव्हताच; दोऱ्याचं टोक काडीने पेटवलं तर कुरकुरीत राखेऐवजी वितळून कडक मणी झाला.