काळोखाचा पुरावा

अंधार ही इतकी सवयीची गोष्ट आहे की तिला काही कारण असावे असे कोणाला वाटतच नाही. उजेडाला कारण लागते. दिवा लागतो, ज्योत लागते, निदान एखादा काजवा तरी लागतो. अंधार मात्र यांतले काहीच नसले की आपोआप असतो, असा आपला समज. रात्र काळी का असते असे विचारले तर शाळकरी मूलही ‘सूर्य मावळतो म्हणून’ असे सांगून खेळायला पळेल आणि त्याला कोणी अडवणार नाही. तरीही, विश्व सदासर्वकाळ असेच आहे की त्याला कधीतरी आरंभ झाला, या प्रश्नाबाबत माणसाच्या हाती आलेला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त पुरावा हाच आहे, की रात्रीचे आकाश काळे दिसते. त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि गणितही जुजबीच लागते. मान तेवढी वर करावी लागते. विश्वोत्पत्तीच्या सगळ्या कथेत मला या पुराव्याचे जेवढे अप्रूप वाटते, तेवढे त्यानंतर आलेल्या महागड्या उपग्रहांचेही वाटत नाही.

या काळेपणात काही गोम आहे हे योहानेस केप्लर यांच्या १६१० मध्येच ध्यानात आले होते. विश्व अमर्याद असेल आणि त्यात सर्वत्र तारे विखुरलेले असतील, तर सारे आकाश सूर्यासारखे तळपायला हवे. ते तसे तळपत नाही, म्हणून विश्व अमर्याद नाही, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. पुढे हाच प्रश्न १७४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या शेझो यांनी आणि १८२३ मध्ये जर्मनीतील हाइनरिख ओल्बर्स यांनी मांडला, आणि प्रश्न पहिल्यांदा विचारणाऱ्यांवर अन्याय करत इतिहासाने त्याला ओल्बर्स यांचे नाव दिले. त्यातला पेच समजायला घनदाट अरण्याची कल्पना करावी. अरण्य लहान असेल तर खोडांच्या फटींतून पलीकडचे माळरान दिसते. पण ते अफाट पसरलेले असेल तर नजर कुठेही टाकली तरी ती कुठल्या ना कुठल्या खोडावर जाऊन थडकते. विश्वही अफाट असेल, तर आकाशातल्या कोणत्याही बिंदूकडे पाहिल्यावर नजर शेवटी एखाद्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर पोहोचलीच पाहिजे. दूरचे तारे मंद दिसतात, ही पळवाट इथे चालत नाही. अंतर दुप्पट झाले की एका ताऱ्याचा उजेड चौपटीने घटतो हे खरे. पण तेवढ्याच जाडीच्या थरात त्या अंतरावर तारेही चौपट मावतात, आणि हिशेब बरोबर फिटतो. म्हणजे जवळचा थर जेवढा उजेड देतो तेवढाच लांबचा थरही देतो, आणि थरांना अंत नसेल तर रात्र नावाची गोष्टच उरायला नको.

शेझो आणि ओल्बर्स या दोघांनीही अवकाशातले काही द्रव्य हा उजेड वाटेत शोषून घेत असावे अशी समजूत करून घेतली. हे उत्तर सोयीचे होते पण टिकाऊ नव्हते, कारण अनंत काळ उजेड शोषणारे द्रव्य तापत तापत शेवटी स्वतःच तितक्याच तेजाने प्रकाशू लागेल, हे जॉन हर्शेल यांनी १८४८ मध्ये दाखवून दिले. योगायोग असा की त्याच वर्षी योग्य दिशेचे उत्तर कोणा खगोलशास्त्रज्ञाने नव्हे, तर एडगर ॲलन पो या भयकथांच्या लेखकाने लिहून ठेवले: अतिदूरच्या ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला अजून पुरेसा वेळच मिळालेला नसावा. १९०१ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी हीच गोष्ट आकडेमोड करून पक्की केली. प्रकाशाचा वेग मर्यादित आहे आणि तारे अनादी काळापासून जळत आलेले नाहीत, एवढ्या दोन विधानांवर रात्र काळी ठरते. भयकथा लिहिणाऱ्याला काळोखाचे मर्म आधी उमगावे, यात फारसे नवल मानू नये.

इतके झाले तरी विश्वाला जन्मतारीख आहे असे म्हणायला कोणी धजावत नव्हते. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपली गुरुत्वाकर्षणाची समीकरणे विश्वाला लावली तेव्हा ते प्रसरण वा आकुंचन पावू लागले; त्याला स्थिर ठेवण्यासाठी त्यांनी समीकरणात एक जादा पद घातले. रशियाचे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि बेल्जियमचे धर्मगुरू व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ती समीकरणे जशी होती तशी वाचली आणि त्यांना प्रसरण पावणारे विश्व दिसले. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, अंतरे आणि वेग एकत्र मांडले, तेव्हा जितकी दीर्घिका दूर तितकी ती वेगाने लांब जात असल्याचे स्पष्ट झाले. मग गणित उलटे फिरवून विश्वाचे वय काढायचे कोणालाही सुचणारच. ते निघाले सुमारे दोन अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांच्या वयाहून कमी. आईचे वय मुलीपेक्षा कमी निघावे तशातला हा प्रकार, आणि अंतरांच्या मोजणीतली मुळातली गफलत पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी निस्तरेपर्यंत तो तसाच राहिला.

या अवघड काळात हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत मला आजही देखणा वाटतो. विश्व प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत अत्यंत संथपणे नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे ते सदैव सारखेच दिसते. त्याला आरंभ नाही आणि म्हणून आरंभाआधी काय, हा कटकटीचा प्रश्नही नाही. विशेष म्हणजे काळोखाचा पुरावा या सिद्धांताच्या आड येत नव्हता. प्रसरणामुळे दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाऊन त्याची ऊर्जा क्षीण होते, तेव्हा विश्व अनादी असूनही रात्र काळी राहू शकते. पुराव्याचा हा दुतोंडीपणा मान्य केला पाहिजे. केवळ अंधार पाहून निकाल लागत नव्हता. त्या अंधारात नेमके काय आहे ते तपासणे भाग होते.

ती तपासणी झाली तीही वेगळ्याच कामाच्या ओघात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचा एक अवाढव्य शिंगाच्या आकाराचा अँटेना होता. तो उपग्रहामार्फत संदेशवहनाच्या प्रयोगांसाठी बांधलेला होता. आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये त्यावर आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजायच्या होत्या. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्यांना एक बारीक खरखर सापडली आणि ती काही केल्या हटेना. अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवला तरी ती तेवढीच, आकाशाकडे वळवला तरी तेवढीच. रात्री तेवढीच, दिवसा तेवढीच, ऋतू बदलले तरी तेवढीच. अँटेनाच्या पत्र्यांच्या सांध्यांवर आणि रिव्हेटांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून झाली. आत कबुतरांची जोडी घर करून होती आणि तिने आतला पत्रा विष्ठेने माखून टाकला होता. तो घासून स्वच्छ केला, कबुतरे पकडून दूर पाठवली, ती परत आली, आणि अखेर त्यांना जिवाला मुकावे लागले. खरखर होती तिथेच होती. तापमानाच्या भाषेत ती सुमारे साडेतीन केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम साडेतीन अंश वर, भरत होती. तासाभराच्या अंतरावर प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी विश्वाच्या तप्त आरंभातून उरलेले नेमके हेच प्रारण (किरणोत्सर्ग) शोधण्यासाठी उपकरण बांधत होते. पेंझियास यांचा फोन आला तेव्हा आपण मागे पडलो हे डिकी यांना कळून चुकले. त्याहून हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच अशा प्रारणाचे भाकीत करून त्याचे तापमान सुमारे पाच केल्विन असावे असा अंदाज दिला होता, आणि तो विस्मरणात गेला होता. १९७८ चे नोबेल पेंझियास आणि विल्सन यांना मिळाले. लमेत्र यांना मात्र जून १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, ही बातमी समजली, एवढे समाधान आहे.

आता ही खरखर म्हणजे काय, ते पाहताना ओल्बर्स यांचा पेच वेगळ्याच बाजूने सामोरा येतो. आरंभानंतर पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे विश्व इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांना धरून राहू शकत नव्हते. मोकाट फिरणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनांवर आदळत प्रकाश भरकटत राहायचा, त्यामुळे सारे विश्व धुक्यासारखे अपारदर्शक होते. तापमान सुमारे ३,००० केल्विनपर्यंत उतरल्यावर अणू बनले, धुके विरले आणि प्रकाश सरळ वाटेला लागला. तो आजही प्रवास करतो आहे. म्हणजे दोन ताऱ्यांमधल्या काळ्या फटीत आपण पाहतो तेव्हा नजर पोकळीत हरवत नाही, ती त्या तप्त भिंतीवरच जाऊन थांबते. आकाशाच्या प्रत्येक बिंदूमागे तेजस्वी पृष्ठभाग असलाच पाहिजे हे ओल्बर्स यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. फक्त तो पृष्ठभाग ताऱ्यांचा नसून बालपणीच्या विश्वाचा आहे. सूर्यपृष्ठाच्या साधारण निम्म्या तापमानाची ती नारिंगी झळाळी तशीच पोहोचली असती तर आपण भाजून निघालो असतो, किंबहुना निर्माणच झालो नसतो. मधल्या काळात अवकाश सुमारे अकराशे पटींनी ताणले गेले, प्रकाशाच्या लहरी तितक्याच लांबल्या, आणि ३,००० केल्विनचे २.७ केल्विन झाले. आपले डोळे या लांबलेल्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) पाहू शकले असते तर अख्खे आकाश रात्रंदिवस एकसारखे उजळलेले दिसले असते. काळोख हा मग आकाशाचा गुण कमी आणि आपल्या डोळ्यांची मर्यादा अधिक.

हे प्रारण दूर कुठेतरी आहे असेही नाही. अवकाशाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४१० प्रकाशकण असतात. विश्वातल्या साऱ्या ताऱ्यांनी आजवर सोडलेले प्रकाशकण मोजले तरी ते यांच्यापुढे थोडेच. जुन्या टीव्हीवर एखादी वाहिनी लागली नाही की पडद्यावर ज्या मुंग्या धावू लागत, त्यांतला एखादा टक्का या आदिप्रकाशाचा होता. घरोघरी लोकांनी टीव्हीला थापटी मारून विश्वाच्या जन्मकाळचा हा प्रकाश घालवायचा प्रयत्न केला, हा विचार मला अजूनही हसवतो.

स्थिर स्थितीच्या बाजूने लढणाऱ्यांनी इतक्यावर शस्त्रे खाली ठेवली नाहीत. हॉईल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित सिद्धांत मांडला आणि हे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला, असे स्पष्टीकरण दिले. बहुमत त्यांच्या बाजूला गेले नाही आणि ते जाण्याजोगेही नव्हते. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने या प्रारणाचा वर्णपट मोजला आणि जॉन मेथर यांनी जानेवारी १९९० मध्ये तो आलेख सभेपुढे ठेवला, तेव्हा मोजलेले बिंदू तप्त आरंभातून अपेक्षित असलेल्या सैद्धांतिक वक्ररेषेवर इतके चपखल बसले होते की श्रोते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तरीही सगळे एका बाजूला असताना कोणीतरी नेटाने दुसरी शक्यता तपासत राहणे मला विज्ञानाच्या प्रकृतीला हितकारक वाटते. त्या धाकानेच बहुमताला आपले पुरावे घासूनपुसून ठेवावे लागतात.

पुरावा केवळ प्रकाशाचाही नाही. आरंभानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तापमान आणि घनता इतकी होती की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून हेलियमची अणुकेंद्रे बनली, आणि प्रसरणाने ही भट्टी लगेच विझवली. त्यातून वस्तुमानाच्या हिशेबाने साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम उरावे असे गणित सांगते, आणि विश्वात जिथे ताऱ्यांची ढवळाढवळ कमी झाली आहे तिथे प्रमाण तसेच सापडते. आज विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे धरले जाते. क्षणाच्या अत्यल्प अंशात विश्व प्रचंड फुगले, ही ॲलन गुथ यांची १९८० च्या सुमाराची कल्पना बहुतेकांना पटते, कारण आकाशाच्या विरुद्ध टोकांचे तापमान लाखात एका भागापर्यंत सारखे का, याचे उत्तर तिच्याकडे आहे. पण तिचा निर्णायक पुरावा अजून हाती यायचा आहे. त्याही मागे, पहिल्या सेकंदाच्या १० चा उणे ४३ वा घात एवढ्या अंशाच्या आधी, गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) यांना एकत्र बांधणारा सिद्धांतच नसल्यामुळे काही बोलता येत नाही. खरे तर महास्फोटाचा सिद्धांत जन्माची कथा सांगतच नाही, बाळंतपण उरकल्यानंतरची सांगतो.

आणि ती कथा वाचण्याची सोयही कायमची नाही. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे, हे १९९८ मध्ये उघड झाले. ते असेच चालले तर सुमारे शंभर अब्ज वर्षांनी शेजारच्या मोजक्या दीर्घिका एकमेकींत मिसळून गेलेल्या असतील आणि बाकीच्या साऱ्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर गेलेल्या असतील. तो आदिप्रकाश इतका ताणला जाईल की दीर्घिकेतला वायू त्याला आत शिरू देणार नाही, आणि ताऱ्यांनी स्वतःच एवढा हेलियम शिजवलेला असेल की मूळचा कोणता आणि नंतरचा कोणता हे निवडता येणार नाही. तेव्हाचा खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडे पाहून ताऱ्यांचे एकच बेट आणि भोवती अथांग, न हलणारी पोकळी असे विश्व मांडेल, त्याची मोजमापे बिनचूक असतील, आणि त्याच्या सिद्धांताला खोटे पाडू शकेल असे एकही निरीक्षण त्याच्या कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला घेता येणार नाही.