हिरड्यांचं डीप क्लिनिंग: लेझर की साधं?

हिरडीच्या आत साचलेलं कीटण काढायचं, म्हणजे डीप क्लिनिंग, त्यावर दोन डेंटिस्ट, दोन सल्ले. पहिल्यांनी सांगितलं, "लेझर करून टाका. खरवडणं नाही, दुखणं नाही, रक्त नाही." दुसऱ्या हिरड्यांच्या तज्ज्ञ होत्या. त्या म्हणाल्या, "खरवडावं तर लागेलच. लेझर हवं तर नंतर, दोन-चार जागी." ब्रश करताना रक्त यायचं आणि सकाळी तोंडाला वास यायचा, एवढीच माझी तक्रार होती. दुखत काहीच नव्हतं. हिरड्यांचा आजार असाच असतो, ठणका लागेपर्यंत हाड बरंच झिजलेलं असतं.

मी दुसऱ्या मॅडमकडे थांबले, त्याचं कारण त्यांनी केलेलं मोजमाप. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच सोडायची आणि किती आत जाते ते बघायचं. प्रत्येक दाताला सहा जागी. त्या आकडे बोलत होत्या, असिस्टंट लिहून घेत होती. पुढच्या दातांना दोन, तीन, दोन. मागे दाढांपाशी मात्र पाच, सहा, पाच आणि मध्येच "रक्त". ३ मिमीपर्यंतची फट निरोगी हिरडीतही असते. ४ किंवा त्याहून खोल झाली की तिला पॉकेट म्हणतात, आणि तिथे आपला ब्रश पोहोचत नाही. एक्स-रेमध्ये दाढांच्या मधलं हाड खाली गेलेलं मलाही दिसलं. पहिल्या ठिकाणी यातलं काहीच झालं नव्हतं. मोजल्याशिवाय कुणी लेझर सुचवत असेल, तर नेमकं काय बरं करणार आहेत हे मी तरी विचारेन.

मग मी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात: लेझर एवढं आधुनिक, तर हाताने खरवडायचं कशाला? त्यांनी आरशात माझ्याच दाढेमागचं कीटण दाखवलं. प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर. लाळेतल्या क्षारांमुळे तो घट्ट होतो आणि त्याचं कीटण बनतं. हिरडीच्या आत मुळाला चिकटलेलं कीटण काळपट आणि फार टणक असतं. दवाखान्यांत बहुतेक वेळा डायोड लेझर असतं, साधारण ८०० ते ९८० नॅनोमीटरचं. त्याची ऊर्जा रक्तातलं हिमोग्लोबिन आणि ऊतींमधले रंगकण शोषतात. त्यामुळे सुजलेलं अस्तर जळतं, जंतू मरतात, रक्त थांबतं. कीटण मात्र जिथल्या तिथे राहतं. अर्बियम लेझर, २९४० नॅनोमीटरचं, कीटण काढू शकतं, पण ते यंत्र वेगळं आणि महागडं. त्यांच्याकडे ते नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं.

घरी येऊन मी बरंच वाचलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिला उपचार म्हणून स्केलिंग आणि रूट प्लॅनिंगच आहे, म्हणजे कीटण खरवडून मुळं गुळगुळीत करणं. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये तर स्वच्छतेला जोड म्हणून लेझर वापरू नये असंच सुचवलंय, कारण जास्तीचा फायदा पुरेसा सिद्ध झालेला नाही. 'लॅनॅप' नावाची लेझर पद्धत खूप गाजते. तिला अमेरिकेतल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, एफडीएची, मंजुरीही आहे. पण तिच्या पायऱ्या नीट वाचल्या तर मधल्या टप्प्यात मुळं अल्ट्रासोनिक, म्हणजे अतिवेगाने थरथरणाऱ्या यंत्राने साफ करावीच लागतात. म्हणजे नावात लेझर असलं तरी खरवडणं चुकलेलं नाहीच.

शेवटी ठरलं असं: पूर्ण तोंडाला नेहमीचं डीप क्लिनिंग आणि डाव्या बाजूच्या खोल पॉकेट्सना जोडीला डायोड लेझर. उजवीकडेही तेवढीच खोल पॉकेट्स होती, तिथे फक्त खरवडणं. माझ्या कुतूहलाला मॅडम हसल्या, पण तयार झाल्या.

एका बैठकीत एकच बाजू. भुलीचं इंजेक्शन टोचताना जे काय दुखलं तेवढंच, त्यानंतर फक्त दाब जाणवत होता. आधी अल्ट्रासोनिक स्केलर, त्याची ती कर्कश किणकिण आणि घशाशी साचणारं पाणी. मग हाताची वाकडी हत्यारं, क्युरेट. दुखत नसलं तरी आवाज कवटीत घुमतो. सुरुवातीला खर्रर्र, खर्रर्र असा खडबडीत, आणि हळूहळू काचेवरून नख फिरवावं तसा गुळगुळीत. तो आवाज बदलला की मॅडम पुढच्या दाताकडे वळायच्या. पंधरा-वीस मिनिटं एका दाढेवर गेली, तेव्हा कळलं या कामाला वेळ का लागतो.

लेझर त्यामानाने काहीच नाही. सगळ्यांनी रंगीत काचांचे चष्मे चढवले, मलाही एक दिला. केसाएवढी बारीक काचेची तार पॉकेटमध्ये, टोकाला लाल ठिपका, थोडा चटचट आवाज. करपल्याचा वास मात्र आला आणि तो मला अजिबात आवडला नाही. एका दाताला मिनिटभरही लागलं नाही.

भूल उतरल्यावर डावीकडे रक्त कमी होतं, हा फरक खरा. उजवी बाजू तिच्या बैठकीच्या रात्री जास्त हुळहुळली. पण दोन-तीन दिवसांत दोन्ही सारख्याच. गार पाण्याची कळ तर दोन्हीकडे बरेच आठवडे राहिली, आणि हे आधी कुणी ठासून सांगत नाही: सूज उतरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, मधल्या फटी उघड्या पडतात. स्केलिंगने दात हलतात ही समजूत इथूनच आली असावी. हाड आधीच गेलेलं असतं, दात कीटणाच्या आधाराने घट्ट वाटत असतो, इतकंच.

खरी मेहनत घरी होती. फटींच्या मापाचे छोटे इंटरडेंटल ब्रश, मागच्या दाढांना मोठा आणि पुढे बारीक, रोज रात्री. क्लोरहेक्झिडिनचं जंतुनाशक माउथवॉश थोडेच दिवस, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. मॅडमनी साखरही तपासायला लावली होती. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांची सूज साखरही वाढवते. माझी ठीक निघाली. सिगारेट ओढणाऱ्यांना तर त्या आधी ती सोडायलाच सांगतात.

सुमारे दीड महिन्यांनी पुन्हा मोजलं. पाचाचे तीन-चार, सहाचे बहुतेक चार, रक्त जवळपास थांबलेलं. डावीकडे आणि उजवीकडे जो काही फरक होता तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतला, म्हणजे प्रोब थोडा तिरका धरला तरी येईल एवढा. एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही, पण मला माझ्या पैशांचं उत्तर मिळालं. जिला इंजेक्शनची किंवा रक्ताची फार भीती आहे, किंवा जी रक्त पातळ करणारी औषधं घेते, तिने आपल्या डॉक्टरांशी लेझरबद्दल जरूर बोलावं. फक्त "आधी कीटण कशाने काढणार?" हे विचारून.

एक दाढ अजून सहावरच आहे, डावीकडची, लेझर झालेली. तिची मुळं जिथे फाकतात त्या बेचकीत हत्यार नीट पोहोचत नाही. पुढच्या तपासणीलाही तसंच असेल तर हिरडी उघडून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया करू, असं मॅडम म्हणाल्या. पुन्हा लेझर करून बघायचं का, असं मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्या बेचकीसाठी आणखी एक बारीक ब्रश हातात दिला. दर तीन महिन्यांनी बोलावलंय.