वीर स्टेशन, दासगाव बंदर आणि महाड : पायी जाणाऱ्यांसाठी

महाडला रेल्वेने जाणार असाल, तर अंधार पडल्यावर वीर स्टेशनला उतरू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. उलट ज्याला विचारलं तो म्हणे, "वीर म्हणजे महाडच की, बाहेर रिक्षा लागलेल्या असतात." वीर महाड तालुक्यात आहे, एवढंच खरं. शहर तिथून दहा-बारा किलोमीटर लांब. पॅसेंजर उशिरा पोचली. आमच्याबरोबर उतरलेले लोक कोणी भावाच्या मोटरसायकलवर, कोणी ओळखीच्या टेम्पोत बसून बघता बघता पांगले आणि बाहेर एकच रिक्षा उरली.

"सहाशे होतील, ताई."

"दहा किलोमीटरचे सहाशे?"

"रिकामी परत आणायची मला. आत्ता दुसरी काय मिळणार नाही, बघा."

खरंच मिळाली नाही. वहिनींनी घासाघीस करून पाचशेवर आणलं. पुढे दासगावजवळ त्याच रिक्षात आणखी दोघं बसले, महाडला उतरताना त्यांनी तीस-तीस रुपये दिले आणि ते निघून गेले. म्हणजे त्या रस्त्याचा भाव त्याला चांगला ठाऊक होता. परगावचा माणूस, हातात बॅग आणि पुढची गाडी नाही, एवढ्या तीन गोष्टींचे पाचशे. मला याचा राग आला तो अजून गेलेला नाही.

यावर उपाय सोपा आहे. माणगावला उतरा. तिथे जास्त गाड्या थांबतात, आणि तिथल्या एसटी स्टँडवरून महाडकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर मिळतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. वीरलाच उतरायचं झालं तर दिव्याहून सकाळी निघणारी सावंतवाडी पॅसेंजर धरा. दिवसाउजेडी हायवेवर मिनीडोर, म्हणजे माणशी भाडं घेणारी मोठी रिक्षा, मिळते.

तरीही वीर-दासगावचा हा पट्टा मी टाळा म्हणत नाही. आमचा सगळा प्रवासच त्याच्यासाठी होता.

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर, चवदार तळ्याच्या पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या महाडच्या दुसऱ्या परिषदेला आले ते या वाटेने. धरमतरवरून मोटारीने येणं जवळचं होतं, पण मोटारवाले ऐनवेळी नकार देतील अशी धास्ती होती. म्हणून मुंबईहून 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरून ते दासगाव बंदराला उतरले आणि तिथून सगळे पायी महाडला गेले. सावित्रीची खाडी त्या काळी या भागाचा मोठा रस्ता होती, महाडचा व्यापार याच पाण्यावर चालायचा. त्या वाटेने चालायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं.

सकाळी महाडहून एसटीने दासगावला आलो. ओहोटी होती. काठाशी चिखल उघडा पडलेला, त्यात एक होडी कुशीवर कललेली, पलीकडे कांदळवन. पाटी कुठे दिसली नाही. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं तर त्यांनी हातातली काठी पाण्याकडे केली, "बोट हितं लागायची," आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "चालत जानार? हायवेनं? कशाला?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. दासगाव ते महाड जेमतेम आठ किलोमीटर. चालणाऱ्या माणसाला दोन तासांचं काम, चढ म्हणावा असा नाही. पण रस्ता मुंबई-गोवा महामार्ग आहे आणि त्यावर पायी चालणाऱ्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मधेच सर्व्हिस रोड येतो, मधेच संपतो. जिथे संपतो तिथे कठडा आणि पांढरी पट्टी यांच्यात दोन फुटांची जागा, तीही खडीने भरलेली. महाडच्या एमआयडीसीकडे जाणारे टँकर अंगाला घासून जातात, आणि प्रत्येक टँकरनंतर धुळीचा एक लोट तोंडावर येतो. सावली नाही. नऊ वाजता वहिनींनी ओढणी तोंडावर बांधली ती महाड येईपर्यंत सोडली नाही. घाटवाटा चढलेली माणसं आम्ही, पण असं थकायला तिथेही झालं नव्हतं. सगळी शक्ती मागून काय येतंय ते ऐकण्यात जाते.

तेव्हा स्पष्टच सांगते. चार-पाचपेक्षा जास्त लोक असाल, लहान मुलं असतील, तर हा रस्ता पायी करू नका. एसटीने या, बंदर बघा, एसटीने परत जा. करायचाच असेल तर उजाडताच निघा, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या आणि भडक रंगाचे कपडे घाला. पावसाळ्यात अजिबात नको. २००५ च्या जुलैमध्ये याच दासगावात आणि जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या.

ज्या वाटेने माणसं पाण्याच्या हक्कासाठी चालत गेली, त्या वाटेवर आज चालायला फूटपाथ नाही. बंदरावर एक पाटी, रस्त्याकडेला चालण्याची एक पट्टी आणि मधे कुठेतरी सावलीचा एक थांबा, एवढं झालं तरी शाळांच्या सहली इथून चालत जातील.

शहराच्या अलीकडे हायवेलगतच गांधारपाले लेणी लागतात. पाय दुखत असले तरी चढा. तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत, एका शिलालेखात कुमार कानभोज विष्णुपालित हे नाव आहे. पण मला तिथे जास्त मोलाचं वाटलं ते वरून दिसणारं महाड. डोंगरांनी वेढलेली खोलगट जागा, एका अंगाने गांधारी, दुसऱ्या अंगाने महाबळेश्वरावरून आलेली सावित्री, आणि दोन्हींच्या मधे घरं. शहर दरवर्षी पाण्यात का जातं ते तिथे उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतं. भरतीची वेळ आणि वर घाटमाथ्यावर पाऊस, दोन्ही एकदम आलं की पाण्याला जायला जागाच उरत नाही.

२२ जुलै २०२१ ला तसंच झालं. बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात आम्ही बाटली घ्यायला शिरलो होतो. मालकांनी न विचारताच भिंतीवर, डोक्याच्या वर हात नेऊन दाखवलं, "इथवर." भिंतीला नवा रंग आहे, पण लाकडी फडताळाच्या वरच्या खणावर चिखलाची करडी रेघ अजून आहे, ती त्यांनी पुसलेली नाही. आता महागाचा माल माळ्यावर ठेवतात, आणि नदीच्या पातळीचा आकडा मोबाईलवर आला की दुकान आवरायला घेतात. धोक्याची पातळी ६.५० मीटर, हे तिथल्या पोरांनाही पाठ आहे. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड पडून ८० हून अधिक माणसं गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल मात्र वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये सुरू झाला. म्हणजे ठरवलं तर काम वेळेत होतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर खालच्या बाजारात लॉजची तळमजल्यावरची खोली घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी.

आता चवदार तळं. दुपारी बाराच्या सुमाराला, धुळीने माखलेल्या अवस्थेत आम्ही तिथे पोचलो, आणि सगळा शीण उतरला. हे माझं मत आहे आणि ते त्या उन्हातल्या चालण्यामुळे जास्त ठाम झालं असेल, पण महाडला येऊन तळ्याच्या पायऱ्यांवर तासभर न बसता जो रायगडाकडे गाडी पळवतो त्याने महाड पाहिलंच नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण कागदावरच. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे अशा स्थानिक माणसांनी परिषदेची तयारी केली, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत इथलं पाणी घेतलं. लगेच अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. तळं पंचगव्याने 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरच्या परिषदेआधी कोर्टाचा मनाईहुकूम आला. त्या परिषदेला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. पूर्वापार वहिवाटीचा दावा मुंबई हायकोर्टाने अखेर १७ मार्च १९३७ ला फेटाळला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

हिंगोलीकडून आलेलं एक कुटुंब आमच्या शेजारी बसलं होतं. आजींनी वाकून बोटं पाण्यात बुडवली, डोळ्यांना लावली, मग नातवाच्या डोळ्यांना लावली. पोरगं म्हणालं, "आजी, पिऊ?" त्या म्हणाल्या, "नळाचं पी. हे बघायचं." तळ्याचं पाणी आज पिण्याचं नाही, शहराला कोथुर्डे धरणाचं पाणी येतं. तुम्हीही बाटली आधीच भरून आणा. आमची रिकामी झाली होती, जवळच्या गल्लीतल्या एका घरी मागितली तर बाईंनी माठातलं गार पाणी भरून दिलं.

२० मार्च आणि २५ डिसेंबरला इथे राज्यभरातून लोक येतात. त्या गर्दीत शिलालेख निवांत वाचता येत नाही, राहायला खोली मिळत नाही, गाड्या शहराबाहेर थांबवतात. तरी एकदा त्या दिवशी जा, असंच सांगेन. या लढ्याचं स्मारक असलेला क्रांतिस्तंभ तळ्यापासून वेगळ्या जागी आहे, तो अनेकांचा राहून जातो.

रायगड आम्ही दुसऱ्या दिवशी केला, पायऱ्यांनी चढून पाळण्याने (रोपवेने) उतरलो. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जाताना वाटेत नाते लागतं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं जन्मगाव. महाड स्टँडवरून गडाकडे जाणाऱ्या एसटी मोजक्या आहेत, वेळ आदल्या संध्याकाळी चौकशी खिडकीवर जाऊन विचारा, मोबाईलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. आणि शेवटची परतीची गाडी गडाच्या पायथ्याच्या पाचाडला किती वाजता आहे हे चढायच्या आधी कंडक्टरकडून पक्कं करून घ्या. ती चुकली की खाली खाजगी गाडीवाले उभे असतात, आणि तिथेही भाव तुमच्या हातातली बॅग बघून ठरतो.

पुण्याला परतणाऱ्यांनी वरंध घाट चालू आहे का ते आधी विचारावं. पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो, मग माणगाववरून ताम्हिणीने जावं लागतं.