एका कॅबिनेटात पाच हार्ड डिस्क

मालवण परिसरात मी दशावताराचे प्रयोग चित्रित करतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की उन्हाळ्यापर्यंत रात्री जागून काढायच्या. दोन कॅमेरे, सहा तासांचा प्रयोग, 50 एमबीपीएसचं (सेकंदाला 50 मेगाबिट) रेकॉर्डिंग, म्हणजे एका रात्रीचे साधारण 270 जीबी. डिस्क भरली की ती यूएसबीच्या डबीत घालायची आणि टेबलाच्या खणात ठेवायची, अशी माझी पद्धत होती. चार डब्या एकाच जुन्या यूएसबी 2.0 हबला जोडलेल्या. त्यातून सेकंदाला जेमतेम 35 एमबी मिळायचे. एक रात्र एका डिस्कवरून दुसरीवर न्यायला दोन तासांहून जास्त लागायचे, आणि दोन डिस्क एकदम चालू केल्या की तो वेगही दोघींत वाटला जायचा.

गेल्या वैशाखात दशावताराच्या एका नाटक कंपनीतले काका आले. आयुष्यभर संकासुराचं, म्हणजे दशावतारातल्या असुराचं, काम करत आलेत. बाकड्यावर बसत म्हणाले, “गेल्या सालचो माझो संकासुर गावतलो काय रे?” मी डब्या बदलत राहिलो. तासाभराने काका चहा पिऊन उठले आणि मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांची मेहनत माझ्या खणात पडून होती आणि ती त्यांनाच दाखवता येत नव्हती. पावसाळ्यात जत्रा नसतात, तेवढ्यात सगळ्या डिस्क संगणकाच्या आत बसवायच्या असं ठरवलं.

ओळखीतल्या दोघांनी आधीच घाबरवलं होतं, की जास्त डिस्क लावल्यास सगळ्याच मंदावतात. ही भीती आयडीईच्या, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या, काळातली आहे. तेव्हा एका चपट्या पट्टीवर दोन डिस्क असायच्या, मास्टर आणि स्लेव्ह, आणि त्यांचा रस्ता एकच होता. 2003 मध्ये आलेल्या साटा या नव्या जोडणीत मदरबोर्डावरच्या प्रत्येक पोर्टला स्वतःची वाट असते. साटा 3 च्या पोर्टातून व्यवहारात सेकंदाला साधारण 550 एमबी जातात आणि माझी चांगली हार्ड डिस्क 180 च्या पुढे जात नाही. चिपसेटपासून, म्हणजे ही पोर्टं सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपपासून, प्रोसेसरपर्यंतचा रस्ता सगळ्यांचा सामाईक असतो खरा, पण माझ्या बोर्डावर तो सेकंदाला जवळपास 3.9 जीबीचा आहे. पाचही डिस्क एकदम पळाल्या तरी 900 एमबी होतात.

एवढा हिशेब करूनही पहिल्याच दिवशी दोन डिस्क दिसेनात. विंडोजसाठी मी एम.2 मध्ये, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या चपट्या खाचेत, एसएसडी घातली होती. डिस्क बदलल्या, केबल बदलल्या, विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट दहादा उघडून पाहिलं. शेवटी बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरातली तळटीप सापडली: एम.2 मध्ये साटा प्रकारची एसएसडी बसवली तर पाचवं आणि सहावं पोर्ट बंद होतं. अनेक बोर्डांवर असं असतं. कोणतं पोर्ट बंद होतं ते बोर्डाप्रमाणे बदलतं, म्हणून खरेदीआधी ती पुस्तिका वाचाच.

कुडाळहून दोन जादा साटा पोर्टांचं, बोर्डाच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणलं. ते दुसऱ्या पिढीचं, एका लेनचं (डेटाच्या एकाच वाटेचं), म्हणजे कागदावर 500 आणि प्रत्यक्षात 400 एमबीच्या आसपास. दोन डिस्कचे मिळून 360 होतात, तेव्हा ते पुरतं. एका लेनवर दहा पोर्टं देणारी कार्डंही मिळतात, पण तिथे पुन्हा सगळ्यांची गर्दी एकाच दारात. मी कार्डावर क्वचित लागणाऱ्या दोन जुन्या डिस्क टाकल्या. बोर्डावर तीन लावल्या आणि एक पोर्ट पुढच्या हंगामासाठी मोकळं ठेवलं.

सगळ्यात जास्त दमवलं ते चार टीबीच्या डिस्कने. सुरुवात झोकात व्हायची, मग वेग 25 एमबीवर यायचा, मध्येच सगळं थिजायचं. डिस्क गेली असं समजून मी एक रात्र झोपलो नाही, कारण मागच्या दोन हंगामांतलं बरंचसं काम तीवरच होतं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. खराब सेक्टरचे आकडे शून्य होते. पण ट्रान्स्फर मोडसमोर, म्हणजे जोडणीच्या वेगासमोर, 600 ऐवजी 150 दिसत होतं आणि C7 ही नोंद, म्हणजे केबलमधून जाताना चुकलेल्या डेटाची मोजणी, दर कॉपीला वाढत होती. केबल काढून खिडकीपाशी उजेडात धरली. टोकाच्या सात पट्ट्यांपैकी दोन काळवंडल्या होत्या, एकीच्या कडेला हिरवट ठिपका. ही केबल दोन पावसाळे समुद्राकडच्या खिडकीखाली उघड्या खणात पडून होती. आमच्याकडे खारी हवा सायकलची चेन खाते, ती हिला कशी सोडेल? डिस्कची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, नवी केबल लावली. C7 चा जुना आकडा पुसला जात नाही, पण तो तिथेच थांबला. वेग 170 च्या वर गेला. उरलेल्या केबल आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात.

विजेकडेही लक्ष द्यावं लागतं. सुरू होताना एक डिस्क 12 व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढू शकते आणि साटाचा एक पॉवर कनेक्टर साडेचार अँपिअरचाच असतो. म्हणून एका कनेक्टरला चार फाटे फोडले नाहीत, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याच्या) दोन वेगळ्या वायरींवर डिस्क वाटल्या. कॅबिनेटात दोन डिस्कच्या मध्ये एकेक खण रिकामा सोडला आणि पुढे 120 मिमीचा पंखा लावला. लाईट जाण्याचा भरवसा नसल्यामुळे यूपीएस तर हवाच.

रेड 0 करून, म्हणजे प्रत्येक फाईलचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटून, डिस्क एकत्र जोडण्याचा सल्लाही मिळाला. वेग वाढला असता, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. ते मला कदापि चालणार नाही. त्यापेक्षा काम वाटून दिलं: मूळ चित्रण एका डिस्कवरून वाचायचं, तयार फाईल दुसरीवर लिहायची. एकाच डिस्कवर दोन्ही केलं की तिचं वाचणारं-लिहिणारं हेड सारखं इकडून तिकडे धावतं आणि वेग तिथेच मरतो. शिवाय प्रत्येक प्रयोगाची दुसरी प्रत कुडाळला ताईच्या कपाटात आहे.

आषाढात काका पुन्हा आले. बाहेर पाऊस धो धो पडत होता. एका रात्रीचं चित्रण तिसऱ्या डिस्कवर उतरत होतं, त्याला पंचवीस मिनिटं लागणार होती. ते चालू असतानाच मी पहिल्या डिस्कवरचा प्रयोग लावला. काळा वेश, पांढरी दाढी, मृदंगाची थाप, कुठेही न अडकता. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, “परत लाव रे, सुरवातीपासून.”