टेनेरीफ : आधी वारा बघा, मग हॉटेल

जर्मनीत थंडी पडली की बऱ्याच गोल्फ कोर्सवर खरी ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, बंद करतात आणि फेअरवेच्याच, म्हणजे तिथवर जाणाऱ्या गवताच्या पट्ट्याच्याच, एका तुकड्यावर हिवाळ्यापुरतं भोक पाडून देतात. त्यावर पटिंग करणं, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलणं, म्हणजे गादीवर गोट्या खेळणं. मग क्लबात एकच चर्चा सुरू होते, या वर्षी कुठलं बेट? भूमध्य समुद्रातलं मयोर्का जवळ आहे, पण जानेवारीत तिथेही स्वेटर चढवावा लागतो. म्हणून आमची गाडी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफवर येते. कॅनरी बेटं स्पेनची असली तरी आहेत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, साधारण दिल्लीच्या अक्षांशावर. ऐन जानेवारीत दुपारी वीस-एकवीस अंश.

इथे जर्मनीत गोल्फ खेळायला आधी परीक्षा द्यावी लागते, हे मायदेशी सांगितलं की कुणाला खरं वाटत नाही. 'प्लात्सराइफे' ही परीक्षा पास झाल्याशिवाय जर्मन कोर्सवर सहसा पाऊल ठेवू देत नाहीत, आणि त्यात नियमांचा पेपरही असतो. नवख्याचं हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, ५४ पासून सुरू होतं; खेळ सुधारेल तसा तो कमी होतो. सुट्टीतल्या बेटावर परीक्षा कुणी विचारत नाही, हँडिकॅपचा दाखला मात्र मागतात, आणि काही कोर्स त्यावर मर्यादाही घालतात. ती न बघता पैसे भरू नयेत.

आता मुद्द्याचं. माहितीपत्रकात सगळं बेट सारखंच उन्हात न्हायलेलं दिसतं, पण तसं ते नाही. मधोमध टेइदे हा ज्वालामुखी उभा आहे, ३,७०० मीटरहून उंच. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे ढग आणतात आणि ते उत्तरेच्या उतारावर अडतात. म्हणून उत्तर हिरवी आणि ओलसर, दक्षिण कोरडी आणि लख्ख. १९३२ मध्ये स्थापन झालेला जुना रेआल गोल्फ क्लब उत्तरेला उंचावर आहे. वातावरण सुरेख, पण 'ऊन पाहिजे' म्हणून निघालेल्याने मुक्काम तिथे करू नये.

दक्षिणेतही फरक आहे. विमानतळाजवळचं एल मेदानो विंडसर्फिंगसाठी प्रसिद्ध आहे. जिथे शिडं फुगतात तिथे चेंडूही भरकटणार, हे उघड आहे. गोल्फ देल सूर आणि आमारिया हे कोर्स त्याच बाजूला. गोल्फ देल सूरच्या काही बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांमध्ये, काळी ज्वालामुखीची वाळू आहे, तेवढ्यासाठी एक फेरी मी खेळेनच, पण राहणार पलीकडे, कोस्ता आदेखेच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला. तिथला कोर्स केळीच्या जुन्या बागांच्या जागेवर आहे; त्यांचे दगडी बांध अजून होलांच्या मधून जातात. त्याहून पुढे आबामा, चांगलाच चढावर. तिथे बग्गी, म्हणजे कोर्सवरची छोटी गाडी, गृहीत धरूनच हिशेब करावा, पायी चालण्याची हौस दुसरीकडे भागवावी. बेटाच्या वायव्य टोकाला सेवे बायेस्तेरोस या स्पॅनिश गोल्फपटूने आखलेला बुएनाविस्ता आहे, कड्यावर, थेट समुद्रासमोर. दक्षिणेतून तिथवर जायला घाटातला लांब रस्ता आहे, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.

कधी कधी सहारातून धूळ येते. तिला तिथे कालिमा म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यापायी विमानतळ बंद ठेवावे लागले होते. यावर उपाय काहीच नाही. फक्त खेळाच्या रद्द करता येतील अशाच वेळा घ्याव्यात.

वेळांचा हिशेब हिवाळ्यात वेगळा असतो. सूर्य आठच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. अठरा होलांना साडेचार तास धरले तर दुपारचा स्वस्त ट्वायलाइट दर कितीही मोहक वाटला तरी शेवटचे होल अंधारात जायची शक्यता आहे. उलट सकाळची वेळ आपल्या पथ्यावर पडते, कारण बेटाचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे. जाग आपोआप लवकर येते.

रोज एक फेरी असलेली पॅकेजं दिसायला फायद्याची वाटतात. मला ती पटत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाठ बोलायला लागते आणि चौथ्या दिवशी नवरा. तो खेळत नाही. त्याला टेइदेवर जायचं असतं. केबल कार ३,५५५ मीटरपर्यंत नेते, पण तिथून शिखरावर जायला आगाऊ परवानगी लागते, आणि ती मिळणं टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळण्याहून अवघड. त्यामुळे आमच्याकडे आधी त्याची तारीख पक्की होते, मग माझे कोर्स तिच्या आजूबाजूला बसवले जातात.

बॅगेचं म्हणाल तर, विमान कंपनी गोल्फ बॅगेचे वेगळे पैसे लावते का ते तिकीट काढतानाच बघावं. दोन-तीन फेऱ्यांसाठी भाड्याचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, पुरतात. बूट मात्र स्वतःचे.

एक दिवस शेजारच्या ला गोमेरा बेटासाठी राखलाय. दक्षिणेतल्या लोस क्रिस्तियानोस बंदराहून फेरी बोट तासाभरात पोचते, मग वळणावळणाचा रस्ता आणि तेसीना गोल्फ. तिथे खेळाडूंना आधी गाडीने वर नेतात, मग खेळत खेळत समुद्राकडे उतरायचं, समोर पाण्यापलीकडे टेइदे. फक्त परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे बघूनच टी टाइम घ्यायचा. तेवढं ठरायचं बाकी आहे, कारण शिखराची परवानगी नेमकी त्याच दिवसाची मिळतेय.